मंडळीची थैली आणि गावचा हापसा

(एका शिक्षकाच्या स्मरणार्थ दरवर्षी भरणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यान)



गुरुजींच्या नावानं चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलायला उभा राहिलो आणि पहिल्यांदा आठवली ती त्यांची निळ्या पुठ्ठ्याची हिशेबाची वही. गुरुजी शाळेत शिक्षक होते आणि गावच्या चर्चचे खजिनदारही होते. रविवारची उपासना संपली की दानार्पणाची थैली टेबलावर उलटी व्हायची. चार आणे, आठ आणे, रुपया अशा चळती गुरुजी लावायचे, मंडळीच्या दोन वडीलजनांसमोर मोजायचे आणि मगच टोपण उघडून वहीत लिहायचे. एखाद्या म्हातारीनं पदराआडून दोन अंडी आणून वेदीपाशी ठेवलेली असायची. ती त्याच दिवशी विकली जायची, पण वहीत पैशांच्या आधी 'अंडी दोन' असं लिहिलेलं असायचं. मी एकदा विचारलं, पैसेच लिहा ना नुसते. गुरुजी म्हणाले, "तिनं पैसे दिलेले नाहीत. तिनं अंडी दिली आहेत."

त्याच वहीत मागच्या बाजूनं दुसरा हिशेब असे. त्यावर मथळा होता : 'बाहेरून आलेले'. परदेशातल्या कुठल्याशा मंडळीनं आपल्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी, दुष्काळासाठी पाठवलेले पैसे त्यात असत. अक्षर तेच, शाई तीच. आज बोलायचं आहे ते या मागच्या पानांबद्दल.

'चर्चच्या मंडळीनं परदेशातल्या गरीब गावांना केलेली मदत' असं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आफ्रिकेतलं एखादं गाव येतं. पण बॉस्टनच्या, एडिंबरोच्या किंवा जर्मनीतल्या चर्चमध्ये बसलेल्या माणसासाठी ती परदेशातली गरीब गावं म्हणजे आपण होतो. नेवासा, शेवगाव, जामखेड, जालना, केडगाव, मिरज. त्या यादीत आपलं नाव फार जुनं आहे. त्यामुळे या विषयावर घेणाऱ्याच्या बाजूनं बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि मला वाटतं, ते आपलं कर्तव्यही आहे. देणाऱ्यांनी आपापले अहवाल लिहिले. घेणाऱ्यांनी फारसं लिहिलं नाही.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांच्या मिशनचं काम 1831 साली सुरू झालं. या कामामागचा पैसा मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या मंडळ्यांमधून येत होता. शेतकरी, दुकानदार, शाळामास्तर, विधवा बाया असे ते लोक होते. घरोघरी लहान डबे ठेवलेले असत, बाया शिवणकाम करून ते विकत आणि रविवारच्या शाळेतली मुलं आपल्या खाऊचे पैसे देत. हे सगळं मला परकं वाटत नाही, कारण आमच्याकडे कापणीचा सण मी लहानपणापासून पाहिला आहे. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, मिरच्या, गूळ, पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की लिलाव. एक भोपळा कुणीतरी वीस रुपयांना घेतो आणि लगेच परत वेदीपाशी ठेवतो, पुन्हा लिलाव करा म्हणतो. तोच भोपळा तीनदा विकला जातो. शेवटी तो गावातल्या सगळ्यांत गरीब घरी जातो. मंडळीचं दान म्हणजे असं असतं. कुणा एका धनिकाचा तो चेक नसतो. त्यात शंभर हातांचे थोडे थोडे पैसे असतात आणि ते सगळे हात आपापसांत एकमेकांना ओळखत असतात.

अशाच पैशांवर सिंथिया फरार नावाची अविवाहित शिक्षिका 1827 साली मुंबईला आली आणि 1839 साली नगरला गेली. तिनं मुलींच्या शाळा चालवल्या, शिक्षिका तयार केल्या. सावित्रीबाई फुले यांनी नगरला शिक्षिकेचं शिक्षण घेतलं ते फरारबाईंच्याच संस्थेत. ज्या बायकांनी शिवणकामाचे पैसे साठवून फरारबाईंचा खर्च उचलला, त्यांच्या कानावर सावित्रीबाईंचं नाव गेलंही नसेल. तरी पुण्यात 1848 साली जी मुलींची शाळा सुरू झाली तिच्यात त्यांच्या शिवणकामाचा एक टाका आहे, असं मी मानतो. हे दान पुढे कुणाच्या हातात जाईल हे देणाऱ्याला माहीत नव्हतं, आणि ज्या हातांत ते गेलं त्या हातांनी त्याचं काय करायचं हे स्वतः ठरवलं.

आता दुसरी बाजूही बोलली पाहिजे. 1899-1900 च्या दुष्काळाला आपल्याकडे 'छप्पनचा दुष्काळ' म्हणतात, विक्रम संवत 1956 वरून. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकानं आपल्या वाचकांकडून मदत गोळा केली. लुई क्लॉप्श हे त्याचे चालक. 'क्विटो' नावाच्या बोटीत सुमारे 5,000 टन मका भरून 1900 साली ती मुंबईला पाठवली गेली. बोटीच्या भाड्याचा भार अमेरिकन सरकारनं उचलला. मका शेतकऱ्यांनी दिला होता, पोती मंडळ्यांनी भरली होती. त्या पोत्यांतल्या दाण्यांनी माणसं जगली, हे नाकारण्याची माझी हिंमत नाही. भुकेल्याला तत्त्वज्ञान सांगू नये.

पण विचार करा. त्या काळी रेल्वे होती आणि धान्य एका प्रांतातून दुसऱ्यात जात होतं. दख्खनच्या मजुराला खरी नड होती ती पैशाची. शेतात काम नव्हतं, म्हणून बाजारातली महाग ज्वारी घेता येत नव्हती. त्याला सातासमुद्रापलीकडचा, दातांना न चावणारा, घरच्या जात्यावर जड जाणारा मका मिळाला. देणाऱ्याच्या कोठारात जे होतं ते आलं. घेणाऱ्याला काय हवं हे विचारायला तेव्हा वेळ नव्हता असं म्हणता येईल, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. तरीही ही सवय पुढे अनेक दशकं सुटली नाही. 1972 च्या दुष्काळात आमच्या भागात आलेली 'मिलो' ही परदेशी लाल ज्वारी आणि हातात हात घेतल्याचं चित्र असलेली तिची पोती इथल्या पांढऱ्या केसांच्या माणसांना आठवत असतील.

त्या साप्ताहिकानं आणखी एक गोष्ट केली, तिच्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. त्यांनी फोटो छापले. हाडं मोजता येतील अशी मुलं, उघडी, डोळे खोल गेलेली. ते पाहून लोकांनी हात सैल सोडला, हे खरं. पण त्या मुलाला किंवा त्याच्या आईला कुणी विचारलं होतं का? सव्वाशे वर्षं झाली, आजही दानाच्या पत्रकावर तेच मूल आहे. फक्त रंग आले. मी इथल्या तरुण कार्यकर्त्यांना हात जोडून सांगतो, आपल्या आईचा असा फोटो काढून तुम्ही कुठल्या परक्या घरी पाठवाल का, हे स्वतःला विचारून मगच कॅमेरा उघडा.

देणं आणि घेणं यांत स्वाभिमान कसा राखावा हे आपल्याला शिकवलं ते पंडिता रमाबाईंनी. 1887 च्या डिसेंबरात बॉस्टनला 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन' स्थापन झालं. अध्यक्ष होते एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मगुरू. गावोगावी 'रमाबाई सर्कल' निघाली आणि दहा वर्षं ठरावीक वर्गणी देण्याचं वचन त्यांनी दिलं. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा उघडली, पुढच्या वर्षी ती पुण्याला आली. 1893 साली इथे वादळ उठलं. मुली ख्रिस्ती होत आहेत असा आरोप झाला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारख्या माणसांनी सल्लागार मंडळ सोडलं. तिकडे बॉस्टनला काळजी लागली. त्यांच्या कार्यकारिणीच्या प्रमुख जुडिथ अँड्र्यूज स्वतः पुण्याला येऊन राहिल्या, सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि मग रमाबाईंवरचा विश्वास कायम ठेवला.

या वादात कुणाची बाजू बरोबर, यावर आजही दोन मतं आहेत आणि मी ती इथे मिटवणार नाही. मला दिसतं ते एवढंच की एक भारतीय विधवा परदेशी पैशांवर संस्था चालवत होती, पण सदनाचं दार कुणासाठी उघडं ठेवायचं आणि आपली प्रार्थना उघड करायची की झाकून, हे ती पैसे देणाऱ्यांनाही ठरवू देत नव्हती आणि इथल्या थोरामोठ्यांनाही. पुढे केडगावच्या माळावर 'मुक्ती' ही त्यांची संस्था उभी राहिली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि 1900 मध्ये गुजरातेतून बाईंनी निराधार मुली आणल्या. शेती, विणकाम, छापखाना, तेलाचा घाणा, सगळं तिथे. पैसा बाहेरचा, पण पाणी केडगावच्या जमिनीतलं आणि कष्ट त्या मुलींचे.

'दुष्काळी ख्रिस्ती' हा शब्द मी शाळेत ऐकला आहे, माझ्याच बाकावरच्या मुलाच्या तोंडून. तो लागला. पण त्या शब्दामागचा प्रश्न मी टाळत नाही. भुकेच्या वेळी दिलेल्या भाकरीला धर्माची अट चिकटली असेल तर ती भाकरी खोटी आहे. अशी अट काही ठिकाणी उघड होती, काही ठिकाणी अबोल होती, आणि अनेक ठिकाणी ती मुळीच नव्हती. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ख्रिस्ती माणूस म्हणून मला पहिल्या दोनांची लाज वाटते आणि तिसऱ्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

आता जामखेडला जाऊ. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघं वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात भेटले. लग्न करतानाच त्यांनी ठरवलं होतं की खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य घालवायचं. आधी नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन इस्पितळात त्यांनी काही वर्षं काम केलं. तिथे त्यांना एक गोष्ट खुपू लागली. बरं होऊन गेलेलं मूल त्याच जुलाबांनी परत येत होतं. इस्पितळ कितीही चांगलं असलं तरी आजार गावात तयार होत होता. मग अमेरिकेत शिक्षण, जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास, आणि 1970 साली ते जामखेडला आले. गुरांच्या दवाखान्याची एक पडीक इमारत मिळाली, तिथे सुरुवात झाली.

याच सुमाराला जगभरच्या चर्चमध्येही एक आत्मपरीक्षण चाललं होतं. जर्मनीत ट्युबिंगेनला 1964 साली बैठक झाली आणि पुढे 1968 साली वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसनं ख्रिश्चन मेडिकल कमिशन नेमलं. मंडळ्यांनी दिलेला पैसा बहुतेक इस्पितळांच्या भिंतींमध्ये खर्च होतो आणि भिंतीबाहेरच्या बहुसंख्य लोकांपर्यंत पोहोचत नाही, असं त्यांना दिसून आलं. स्वतःच्या शंभर वर्षांच्या कामाबद्दल असं बोलायला मन मोठं लागतं. जामखेडला आधार देणाऱ्यांत हे कमिशन होतं.

आणि जामखेडच्या गावांनी काय मागितलं? डॉक्टर आले आहेत म्हटल्यावर त्यांनी औषध मागावं अशी अपेक्षा होती. त्यांनी मागितलं पाणी आणि मुलांना खायला. आरोळे दांपत्यानं ते ऐकलं. लहान मुलांसाठी गावोगावी स्वयंपाक सुरू झाला आणि त्यासाठी धान्य पिकवायला शेतकऱ्यांनीच जमिनी दिल्या. निरनिराळ्या जातींचे तरुण एकत्र बसायला तयार नव्हते, तर डॉक्टरांनी व्हॉलीबॉलचं जाळं बांधलं. खेळता खेळता ते एकत्र आले आणि त्यातून तरुण शेतकरी मंडळं निघाली. दुष्काळात विंधनविहिरी घ्यायची वेळ आली तेव्हा त्या मुद्दाम दलित वस्तीत घेतल्या. पाणी हवं असेल तर सगळ्या गावाला त्या वस्तीत जावं लागलं. व्याख्यानं देऊन जे झालं नसतं ते एका विहिरीच्या जागेनं झालं.

आधी शिकलेल्या नर्स गावात ठेवून पाहिल्या, ते जमलं नाही. मग गावानंच निवडलेल्या बाया पुढे आल्या. कित्येक निरक्षर, अनेक दलित, कुणी टाकलेल्या, कुणी विधवा. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एक गोष्ट शिकत, गावात जाऊन शिकवत. मीठ-साखरेचं पाणी, बाळंतपण, क्षयाच्या गोळ्या चुकू न देणं, कुष्ठरोग्याच्या हातातून पाणी पिऊन दाखवणं. 1971 साली त्या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी 176 वर्षाच्या आत दगावत होती. दोन-अडीच दशकांत तो आकडा पंचविसाच्या आसपास आला. 1979 साली दोघा आरोळ्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1978 च्या अल्मा आटा परिषदेनं प्राथमिक आरोग्यसेवेचा जो विचार जगापुढे ठेवला, त्यामागच्या मोजक्या उदाहरणांत जामखेड होतं.

तिकडच्या चर्चमध्ये बसलेल्या माणसाला या पैशाचं काय दाखवणार? इमारत असती तर दाराशी नावाची पाटी लावता आली असती. इथे तर दगावलेलं नाही असं मूल आहे, त्याच्यावर पाटी कुठे लावायची? जामखेडला पैसे देणाऱ्या मंडळ्यांचा मोठेपणा मला यात वाटतो की त्यांनी पाटी मागितली नाही.

माझ्या स्वतःच्या वाट्याला आलेला उलटा अनुभव सांगतो. गाव सांगत नाही, मंडळीही सांगत नाही. परदेशातल्या एका छोट्या चर्चनं आमच्या बायकांसाठी बारा शिलाई यंत्रं पाठवली होती. मी त्या समितीवर होतो. यंत्रं उत्तम, खोक्यात घट्ट बांधलेली, प्रत्येकावर देणाऱ्या कुटुंबाचं पत्र. पण ती विजेवर चालणारी होती आणि आमच्याकडे दिवसा वीज नसे. सुया इथल्या मापाच्या नव्हत्या. दोन सुया मोडल्या आणि यंत्र उभं. तालुक्याला मिळेना, पुण्यालाही मिळेना. एका बाईनं, ती फार हुशार शिवायची, मला विचारलं, "भाऊ, एवढ्या पैशांत पायानं चालणारी इथलीच यंत्रं किती आली असती?" मी हिशेब करून सांगितलं. ती काही बोलली नाही. ती यंत्रं समाजमंदिरात चादरीखाली पडून राहिली. त्या चर्चला आम्ही आभाराचं पत्र लिहिलं, बायकांचा फोटो पाठवला आणि सुयांची गोष्ट लिहिली नाही. ती आमची चूक होती, आणि आजवर ती मला बोचते. आम्ही खरं लिहिलं असतं तर पुढच्या गावाला शहाणपणाची मदत मिळाली असती.

म्हणून मी आता हापशावर येतो. या व्याख्यानाचा गाभा मी यात पाहतो.

आपल्या मराठवाड्याच्या, नगर-सोलापूरच्या जमिनीखाली काळा कठीण खडक आहे. हातानं विहीर खोदायची तर सुरुंग, महिने, आणि दुष्काळात ती आटायची. 1960 च्या दशकात जालन्याला स्कॉटिश मिशनशी संबंधित मंडळींनी खडक फोडणाऱ्या यंत्रानं विंधनविहिरी घ्यायला सुरुवात केली. मागाहून सरकार आणि युनिसेफ हे काम मोठ्या प्रमाणावर करू लागले. छिद्र पडलं, पाणी लागलं, पण वर बसवायचा पंप? तेव्हाचे ओतीव लोखंडाचे हातपंप युरोप-अमेरिकेतल्या एका कुटुंबाच्या परसासाठी बनलेल्या पंपांच्या नकला होत्या. दिवसातून दहा-वीस वेळा दांडा हलवायचा, असं ते जग. आमच्या गावात पहाटे चारपासून रात्रीपर्यंत दांडा थांबतच नाही. शेदीडशे घरं, कळशा, हंडे, गुरांची बादली, पोरांचा दंगा. बोल्ट झिजायचे, दांडा डगमगायचा, ओतीव डोकं तडकायचं. 1974 च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा गावोगाव बसवलेल्या सुमारे दीड लाख पंपांपैकी तीन चतुर्थांश बंद होते. विहीर होती, पाणी होतं, आणि बाया पुन्हा ओढ्यावर जात होत्या.

जालन्याला आणि सोलापूरला विहिरी घेणाऱ्या मिशनवाल्यांनी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या इथल्या मिस्त्र्यांनी ते पाहिलं. नवीन पंप देण्याचा सपाटा लावण्यापेक्षा तुटलेला पंप उघडून पाहणं त्यांना महत्त्वाचं वाटलं. डोकं ओतीव न ठेवता पोलादाचं जोडून केलं. दांड्याला एकच भक्कम कणा दिला. दांडा आणि खाली जाणारी सळई यांच्यामध्ये साखळी टाकली. साखळीमुळे सळई सरळ वरखाली होते, घासत नाही. सोलापूरच्या पंपात शाळा न शिकलेल्या एका मिस्त्रीची कल्पकता आहे असं सांगतात. मला ते सहज पटतं, कारण असा उपाय दांडा हातात घेतलेल्या माणसालाच सुचतो.

युनिसेफनं आणि भारत सरकारनं हा सोलापूरचा पंप पायाभूत धरला. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीच्या साहाय्यानं त्याची सुधारणा झाली, कोइमतूर भागात तो गावांत बसवून तपासला गेला आणि 1970 च्या दशकाच्या शेवटी 'इंडिया मार्क टू' या नावानं त्याचं उत्पादन सुरू झालं. त्याचं पेटंट कुणी घेतलं नाही. आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला. काही दशकांत असे लाखो पंप बनले आणि आफ्रिकेच्या कितीतरी देशांत गेले. आज युगांडा किंवा झांबियामधल्या एखाद्या गावाला परदेशातल्या मंडळीनं विहीर दिली तर तिच्यावर बऱ्याचदा हाच पंप किंवा याचंच भावंड उभं असतं. तिथल्या बाईच्या हातातला दांडा जालना-सोलापूरच्या माळावर घडला आहे, हे तिला माहीत नाही आणि आपल्यालाही नाही. मराठी माणसानं हे माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

पण गोष्ट इथे संपली नाही. मार्क टू दणकट, तरी खोल पाईपात चकत्या असतात, चामड्याच्या किंवा रबराच्या, ज्यांना आपल्याकडे वायसर म्हणतात. त्या झिजतात. वायसर काही रुपयांचं, पण ते बदलायला शंभर फूट पाईप सळईसकट वर ओढावे लागतात. त्यासाठी तिपाई हवी, पाच-सहा माणसं हवीत, हत्यारं हवीत. ती सगळी तालुक्याला. म्हणजे अर्ज, चकरा, आणि बारा रुपयांच्या वस्तूसाठी दोन महिने बंद हापसा. म्हणून पुढे मार्क थ्री आला. त्यात पाईप न काढता आतला दट्ट्या वर घेता येतो, गावातली दोन माणसं ते करू शकतात. पंप महाग झाला, पण दुरुस्ती गावाकडे आली. उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात 1990 च्या दशकात बायकांनीच हापशाची दुरुस्ती शिकून घेतली. ज्यांच्या डोक्यावर हंडा, त्यांच्याच हातात पाना. आफ्रिकेतल्या 20 देशांविषयी 2009 साली एक अंदाज निघाला होता, तिथे दर शंभर हापशांतले सुमारे 36 बंद होते. यातले कितीतरी कुठल्या ना कुठल्या मंडळीनं प्रार्थना करून, रिबिन कापून दिलेले असणार.

माझं म्हणणं एवढंच आहे. देणारे मनापासून देतात यात मला शंका नाही. पण दान टिकतं की नाही हे देणारा परत गेल्यावर ठरतं, वायसर झिजल्यावर. त्या दिवशी गावात ते बदलणारं माणूस आहे का, त्याच्याकडे हत्यार आहे का, आणि बदलायचं की नाही हे ठरवायचा अधिकार त्याला आहे का?

आपल्या नारायण वामन टिळकांनी हे फार आधी ओळखलं. रेव्हरंड टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या पगारावर होते. त्या मिशननं त्यांना जे दिलं त्याबद्दल त्यांच्या मनात आदर होता. तरी 1917 साली त्यांनी तो पगार सोडला, संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. इथल्या ख्रिस्ती समाजानं परक्याच्या पैशावर किती काळ उभं राहायचं, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या पोटावर पाय देऊन विचारला. दोन वर्षांच्या आत, 1919 च्या मे महिन्यात, ते गेले. मिझोरामच्या मंडळ्यांनी याच प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं. घरची बाई प्रत्येक वेळी भात शिजवण्याआधी एक मूठ तांदूळ बाजूला काढते. 1910 पासून ही प्रथा आहे. त्या मुठींवर तिथलं चर्च स्वतः उभं आहे आणि बाहेरही मदत पाठवतं. गुरुजींच्या वहीतली 'अंडी दोन' मला त्या मुठीच्या जातीची वाटते.

परदेशी देणग्यांवरचा कायदा आपल्याकडे 1976 पासून आहे, 2010 आणि 2020 साली तो अधिक कडक झाला. कायद्याचं काय बरोबर, काय अति, हा वेगळा विषय आहे. हिशेब चोख हवा ही अपेक्षा मात्र गुरुजींना मान्य झाली असती. ती त्यांनी कायद्याआधीच पाळली होती.

आज वारं उलटंही वाहू लागलं आहे. आपली मुलं न्यूजर्सीत, लंडनला, सिडनीला आहेत. तिथली मराठी मंडळं, तिथल्या मराठी मंडळ्या इथल्या गावांना पैसे पाठवतात. चांगलं आहे. पण एक शब्द फार ऐकू येतो : 'गाव दत्तक घेणं'. मला हा शब्द खुपतो. दत्तक घेतात ते मूल. गावाला आईबाप आहेत, गावाला वय आहे, ग्रामसभा आहे. आपण ज्या गावात जन्मलो ते गाव आपल्याला दत्तक कसं घेता येईल? त्यापेक्षा गावाला भाऊ म्हणा. भावाला पैसे देताना आपण विचारतो, तुला काय हवं. आणि भाऊ कधीकधी म्हणतो, पैसे नकोत, चार दिवस येऊन जा.

गुरुजींची पत्र्याची पेटी आज दाराशी ठेवली आहे. वरच्या वस्तीचा हापसा दिवाळीपासून बंद आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. वस्तीतल्या दोन मुली आणि एक मुलगा दुरुस्ती शिकायला तयार आहेत, त्यांची नावं ग्रामसभेनं ठरवली आहेत. तिपाई, पाने आणि वर्षभराची वायसरं यांच्यासाठी ही पेटी आहे. ज्यांना पैसे देणं शक्य नाही त्यांनी पाईप ओढायला रविवारी दुपारी वस्तीवर यावं, सहा माणसं लागतील. जमा झालेली रक्कम आत्ताच इथे तिघांसमोर मोजली जाईल, आणि खर्चाचा हिशेब संक्रांतीच्या दिवशी समाजमंदिराच्या फळ्यावर लिहिला जाईल.